जुईलीच्या नावाचा कोनाडा

मी बाटली बोलतेय. कुवेतच्या मंगफ भागातल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी उभी आहे. माझं बूच काढून वास घ्याल तर खोबरेल तेलाचा येईल. त्यावरून माझी पारख करू नका. मी वाइनची बाटली आहे. होते, असं म्हणायला हवं.

ज्या देशात मी आता राहते तिथे वाइन चालत नाही. विकत मिळत नाही, बाहेरून आणता येत नाही, आणि घरात असेल तर नोकरीसकट देश सोडावा लागतो. त्यामुळे माझी खरी ओळख सांगताना आवाज जरा खालीच ठेवावा लागतो. मला सवय आहे. माझं थोडं आयुष्य तळघरात गेलं आणि बाकीचं साड्यांच्या कपाटात.

माझं माहेर म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, नदीकाठच्या उतारावरचा शातो मोंतारेल, म्हणजे मोंतारेलचा वाडा. नाव मोठं, घर त्या मानानं लहान. दगडी भिंती, निळ्या खिडक्या, आणि खाली घराच्या दुप्पट लांबीचं तळघर. पाच पिढ्या एकाच घराण्यानं तिथे वाइन केली. हे सगळं मला कसं माहीत? तिथल्या मादाम एलेन रोज पाहुण्यांना घेऊन तळघरात यायच्या आणि घराण्याचा इतिहास सांगायच्या. रोज तोच, त्याच जागी थांबून, त्याच जागी हसून. अंधारात आडवं पडून दुसरं करायचं तरी काय? मला तो पाठ झाला.

घराण्याचा मूळपुरुष पिएर हा पिपं बांधणारा. त्यानं जी जमीन घेतली ती फुकटसुद्धा कोणी घेत नव्हतं, इतके तिच्यात गोटेच गोटे. गाव हसलं. पण दिवसभर तापलेले गोटे रात्री वेलींना ऊब द्यायचे, आणि पाण्यासाठी मुळांना खोल खोल जावं लागायचं. पहिली दहाबारा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या वाइनसाठी पिपं बांधून पोट भरलं. त्याच्या नातवाच्या हयातीत मोंतारेलची वाइन राजवाड्यांत जायला लागली. मग गाव म्हणायला लागलं, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.

मग कीड आली. मुळं खाणारी, डोळ्यांना न दिसणारी. सगळ्या फ्रान्सभर वेली उभ्या उभ्या वाळल्या. मोंतारेलनंही सगळा मळा उपटून जाळला. ते जाळणं मादाम सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज दर वेळी बारीक व्हायचा, जणू स्वतः काडी लावली होती. शेवटी उपाय निघाला तो कलमाचा. खाली अमेरिकेतून आणलेलं, किडीला दाद न देणारं खोड आणि वर आपली जात. पिएरचा नातू म्हणे शेवटपर्यंत कुरकुरत राहिला, "डोकं आपलं आणि पाय परक्यांचे."

आणि मग युद्ध. घरातले पुरुष गेले, उरल्या बायका आणि एक खेचर. शत्रूचे अधिकारी घरात उतरणार हे कळल्यावर मार्गरीत नावाच्या सुनेनं उत्तमोत्तम बाटल्या बाहेर काढल्या आणि वेलींच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला जे गुलाबाचं झाड असतं, त्याच्या बुंध्याशी एकेक पुरली. कुठे पुरल्या ते कोणालाही सांगितलं नाही. युद्ध संपल्यावर काढायला गेली, तर काही सापडल्या, काही नाही. मधल्या काळात गुलाब मेले होते, ओळी सरकल्या होत्या. म्हातारपणी ती काठी घेऊन ओळींच्या टोकाला उभी राहायची आणि म्हणायची, "इथेच होती."

मादाम एलेन म्हणजे मार्गरीतची नात. वाइन करणारी घराण्यातली शेवटची.

पाहुणे शेवटी एका भिंतीपाशी थांबायचे. त्या भिंतीत लहान लहान कोनाडे होते. घरात मूल जन्मलं की त्या वर्षीच्या वाइनची एक बाटली त्याच्या नावानं कोनाड्यात ठेवायची आणि खाली पाटीवर खडूनं नाव लिहायचं. त्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी ती उघडायची. घरातल्या मोठ्या माणसानं पहिला पेला भरून त्याच्या हातात द्यायचा. पहिला घोट होईपर्यंत बाकी कोणी बोलायचं नाही. मुलगी असली तर तो घोट घेऊनच ती घराबाहेर पडायची.

एका कोनाड्याखाली 'एलेन' असं लिहिलेलं होतं. तो भरलेलाच होता. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारायचंच, "आणि ही?" मादाम म्हणायच्या, "ती अजून वाट पाहतेय." सगळे हसायचे. त्याही.

आता माझं सांगते. म्हणजे आधी विश्वासरावांचं.

विश्वासराव नाशिकचे. तिकडे नव्यानं निघालेल्या एका वायनरीनं त्यांना शिकायला मोंतारेलला पाठवलं होतं. द्राक्षतोडणीला आले आणि हिवाळ्यातल्या छाटणीपर्यंत राहिले. फ्रेंच येत नव्हतं. हातानं बोलायचे. कलमाची गोष्ट ऐकल्यावर मात्र मराठीतच म्हणाले, "अहो, आमच्याकडेही तेच! खालचं खोड परकंच!" आणि मादामना ते कळलं.

एका सकाळी ओळीच्या टोकाचा वाळलेला गुलाब उपटताना त्यांच्या कुदळीला खणकन काहीतरी लागलं. मार्गरीतची बाटली. आत पाणी शिरलेलं, वाइन कधीच गेलेली, पण अखंड. ती दोन्ही हातांत धरून ते धावत घराकडे आले, आणि दारातच मादाम फोन हातात घेऊन उभ्या होत्या. नाशिकहून निरोप होता. मुलगी झाली.

मादाम बराच वेळ त्या मातीनं भरलेल्या बाटलीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरातली एक परत आली आणि एक नवी आली. दोन्ही एकाच दिवशी." आणि तळघरात जाऊन एका रिकाम्या कोनाड्याखाली त्यांनी खडूनं लिहिलं, 'जुईली.' विश्वासरावांनी मुलीचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. ते उच्चारायला मादामना जमलं नाही, पण लिहायला जमलं.

मी तेव्हा काच म्हणून नव्हते. माझ्या आतलं तेवढं होतं, पिपात, त्याच वर्षीच्या द्राक्षांचं. पुढे पिपातून काढून ते माझ्यात भरलं, बूच ठोकलं, मोंतारेलचं क्रीम रंगाचं लेबल लावलं आणि मला त्या कोनाड्यात ठेवलं. मोंतारेल घराण्याबाहेरच्या माणसाच्या नावानं ठेवलेली मी पहिली बाटली. शेवटचीही मीच.

कारण पुढे मोंतारेल विकलं गेलं. मादामना मूल नाही, पॅरिसमध्ये चुलत भावंडं, प्रत्येकाचा हिस्सा आणि प्रत्येकाचं मत. वकील हातमोजे घालून तळघरात फिरले. एका विमा कंपनीनं सगळं घेतलं, नावासकट. त्या हिवाळ्यात मादामनी कोनाडे रिकामे केले. स्वतःची बाटली त्यांनी स्वतःच उघडली. पहिला पेला द्यायला कोणी नव्हतं, म्हणून उभ्यानंच, खडूनं लिहिलेल्या नावांसमोर प्यायल्या. त्या वेळी बोलणारं तसंही कोणी नव्हतं.

मला मात्र त्या घेऊन निघाल्या, थेट नाशिकला. विश्वासरावांच्या हातात ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "आता माझ्या घरात ओतणारं कोणी नाही. तुम्ही ओता." दुसरी-तिसरीतली एक मुलगी दाराआडून पाहत होती. दोन वेण्या, एक सुटलेली. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बाबा, हे काय आहे?"

"तुझी आहे. तुझ्या लग्नात उघडायची. पहिला ग्लास मी भरणार."

"सरबत आहे?"

"हो. जरा मोठ्या माणसांचं."

सुहासिनीबाई, म्हणजे जुईलीची आई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पाहुणी गेल्यावर म्हणाल्या, "देवघराच्या भिंतीला लागून नको हं. आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नको." त्यामुळे मी गेले साड्यांच्या कपाटात, खालच्या खणात, विश्वासरावांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून, आडवी. अंधार होता, थंडावा होता. तळघराची सर नव्हती, पण डांबराच्या गोळ्यांच्या वासाला नाव ठेवणारी मी कोण?

वर्षातून एकदा मी बाहेर यायचे, खंडेनवमीला. विश्वासराव पाटावर छाटणीच्या कात्र्या मांडायचे, धार लावून, तेल पुसून, आणि त्यांच्या शेजारी मला उभी करायचे. मला हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं.

"दारूची पूजा!" सुहासिनीबाई दर वर्षी म्हणायच्या.

"सुहास, हे आमचं हत्यार आहे."

"हत्याराला कोणी स्वेटर घालतं?"

पण हळदकुंकवाची कुयरी पुढे करणारा हात त्यांचाच असायचा. राजवाड्यांत गेलेल्या मोंतारेलच्या बाटल्यांचं काय झालं मला माहीत नाही. झेंडू मात्र त्यांना कोणी वाहिला नसेल.

एका एप्रिलमध्ये द्राक्षांच्या खरड छाटणीच्या वेळी विश्वासराव ओळीतच बसले. मजुरांना वाटलं, दमले असतील. ते तसेच गेले. त्या वर्षी खंडेनवमीला कपाट कोणी उघडलं नाही.

दोन वर्षांनी जुईलीचं लग्न ठरलं. मुलगा सुमेध, पुण्याचा, कुवेतच्या रिफायनरीत इंजिनिअर. घरात माणसंच माणसं झाली. कपाट दिवसातून दहादा उघडायचं, साड्या निघायच्या, साड्या जायच्या. मी स्वेटरमध्ये वाट पाहत होते. बाटलीच्या आयुष्यात एकच दिवस असतो, बाकीचे सगळे त्याच्या तयारीचे. तो दिवस आला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी जुईलीनं विचारलं, "आई, बाबांची बाटली?"

"मांडवात? जुई, पुण्याची माणसं आहेत ती. विहीणबाई काय म्हणतील?" मग जरा थांबून, "ओतणार कोण आता?"

जुईलीनं खण लावून टाकला. दुसऱ्या दिवशी सनई मी कपाटातून ऐकली. कुलूप लावून सगळे हॉलवर गेले, आणि घरात मी आणि कबुतरं.

जुईली कुवेतला गेली. फोनवरचं बोलणं कपाटापर्यंत अर्धं यायचं, आईकडचं अर्धं. "हो, जेवले... नाही गं, एकटी कुठे, शेजारच्या येतात... केस गळतात? पाण्यानं असेल. तेल लावतेस ना?" आणि एकदा फोन स्पीकरवर होता, तेव्हा जुईलीचा आवाज आला, लांबचा, सपाट. "इथे बाबांचं काहीच नाही गं आई. ती बाटली तरी जवळ असायला हवी होती."

तेवढंच ती बोलली. पुढचं बोलली असती तर माझी गोष्ट वेगळी झाली असती. तिनं आणि सुमेधनं ठरवलं होतं की वार्षिक सुट्टीत नाशिकला आल्यावर मला गच्चीवर न्यायचं, उघडायचं, आणि ती स्वतःच पहिला ग्लास भरणार. सुमेध म्हणाला होता, "मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, पण शेजारी बसेन." हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं. आईला काय वाटेल, म्हणून. आमच्या या घरात सगळं अडतं ते 'काय वाटेल' यापाशी.

सुहासिनीबाईंचा व्हिसा आला. मुलीचा संसार बघायला निघाल्या. भाजणी झाली, मेतकूट झालं, कुरडया झाल्या. मग एका दुपारी त्यांनी मला बाहेर काढलं, स्वेटर सोडवला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून माझ्याकडे पाहत बसल्या.

"तुला न्यायचं आहे," त्या मला म्हणाल्या. "पण आतलं चालत नाही तिथे."

मी काय सांगणार? आतलं म्हणजेच मी, असं काचेला सांगता येत नाही.

त्यांच्याकडे बूच काढायचं साधन नव्हतं. एक स्क्रू पिळला, पक्कड लावली, मांडीत धरून ओढलं. बूच मधेच तुटलं. उरलेलं लाटण्याच्या टोकानं आत ढकललं. इतक्या वर्षांनी माझ्यात हवा शिरली. मोंतारेलमध्ये या क्षणाला सगळे गप्प उभे राहायचे. इथे खाली भंगारवाल्याची आरोळी चालू होती.

त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे मोठ्या ड्रममध्ये विश्वासरावांनी लावलेली द्राक्षाची वेल आहे, मांडवावर चढवलेली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मी इथे सांगत नाही. ती सांगायचा हक्क त्यांचा, आणि पुढे त्यांनी ती सांगितलीच. नंतर मला दोन्ही हातांनी धरून त्यांनी वेलीच्या बुंध्याशी ओतलं, हळूहळू, तुळशीला पाणी घालावं तसं. माती लाल झाली आणि मग काळी.

फेकलं नाही त्यांनी. मोरीत ओतलं नाही. हे मी लक्षात ठेवलंय.

मग गरम पाणी, सोडा आणि काथ्या. माझं क्रीम रंगाचं लेबल भिजलं, सुटलं, गोळा होऊन जाळीत अडकलं. पाच पिढ्यांचं नाव काथ्याला लागून गेलं. आतून बाटलीच्या ब्रशनं घासघास घासलं. नको म्हणायची सोय नव्हती आणि त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. घरात आलेली बाटली स्वच्छ धुऊन तिच्यात कामाचं काही भरायचं, यात सुहासिनीबाईंचा हात धरणारं कोणी नाही. माझ्यात घाण्यावरचं खोबरेल भरलं गेलं, वर प्लास्टिकचं बूच, त्यावर चिकटपट्टी. "आता कशी दिसतेस!" त्या म्हणाल्या. खरोखर कौतुकानं.

कुवेतच्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि थांबली. माझा आकारच तसा. अधिकाऱ्यानं मला बाहेर काढलं, उजेडात धरलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"ये क्या है?"

"तेल. बालों का. कोकोनट." सुहासिनीबाईंनी पदर मागे सारून स्वतःच्या डोक्यावर जोरजोरात हात चोळून दाखवला. "मुलीसाठी. बेटी! बेटी का बाल बहुत गिरता है इधर!"

त्यानं बूच काढलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि हसला. "ज़ैत," तो शेजारच्याला अरबीत म्हणाला. म्हणजे तेल.

"हां, ज़ैत, ज़ैत," शब्दाचा अर्थ न विचारता त्यांनी मान हलवली. मला परत बॅगेत ठेवलं गेलं. मोंतारेलची एक बाटली कुवेतमध्ये राजरोस शिरली. मार्गरीतनं पाहिलं असतं तर हसली असती.

मंगफचा फ्लॅट दोन खोल्यांचा. खिडकीतून लांबवर रिफायनरीची ज्योत दिसते, दिवसाही. सुहासिनीबाईंनी बॅग उघडली, एकेक डबा काढला आणि सगळ्यांत शेवटी मला. "डोळे मीट," त्या जुईलीला म्हणाल्या. "आता उघड."

जुईलीनं मला पाहिलं. आधी तिचा चेहरा उजळला, कारण आकार तिनं ओळखला. मग तिला लेबल दिसेना. मग आतला पांढरट रंग दिसला. मग प्लास्टिकचं बूच. हे चारही टप्पे मी समोरून पाहिले.

"तुझ्या बाबांची!" सुहासिनीबाई म्हणाल्या. "इथे ते तसलं चालत नाही ना, म्हणून रिकामी करून आणली. बघ, कशी लख्ख केलीय."

सुमेधनं तोंड उघडलं. जुईलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं मिटलं.

"बरं केलंस आई," ती म्हणाली. "छान दिसतेय." आणि मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. कपाट उघडून मला ठेवायला जागा करताना तिचा हात एका खोक्याला लागला. आत उंच दांड्याचे दोन ग्लास होते, कुवेतच्याच सालमिया भागातल्या दुकानाची चिकटचिठ्ठी अजून तशीच. त्यांना पाहताच मला कळलं ते कशासाठी आणले होते. तिनं खोकं मागे सारलं, मला पुढे ठेवलं, आणि सिंकचा नळ सोडून थोडा वेळ तशीच उभी राहिली. भांडी नव्हती सिंकमध्ये.

पुढचे दिवस बरे गेले. मायलेकी बाजारात गेल्या, समुद्रावर गेल्या. "पाऊस नाही, चिखल नाही, मग फरशी रोज काळी कशी होते?" सुहासिनीबाई रोज विचारायच्या आणि रोज पुसायच्या. एसीच्या गारव्यात माझ्यातलं तेल थिजून गच्च झालं. उन्हाला ठेवलं की विरघळायचं, आत आणलं की पुन्हा थिजायचं. जुईलीनं त्याला हात लावला नाही. आईनं विचारलं की म्हणायची, "लावते ना."

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर सुमेधनं फोनवर काहीतरी शोधून काढलं. "आई, हे बघा, मोंतारेल. बाबांचं." तिघं वाकून पाहू लागली. निळ्या खिडक्या, उतार, गुलाब. मोंतारेल घराणं, पिएरपासून, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मादाम एलेनचा फोटोही होता. खाली बारीक अक्षरांत, गेल्या हिवाळ्यात त्या वारल्याचं. घराणं संपलं होतं, पण नाव विकलेलं असल्यानं ते चालूच होतं. माझं बरोबर उलट झालं, नाव गेलं आणि मी उरले, असं मला वाटलं.

"अगंबाई, हीच बाटली!" सुहासिनीबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "आपल्या जुईच्या वर्षाचीपण आहे. खाली काय लिहिलंय? किंमत?"

सुमेध म्हणाला, "सांगू का?"

"नको," जुईली म्हणाली. पटकन. जरा जास्तच पटकन.

सुहासिनीबाईंनी लेकीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट आवरायला काढलं आणि ते खोकं त्यांच्या हाताला लागलं.

"हे कशाला गं?"

"ज्यूसला."

"बरं," त्या म्हणाल्या. ग्लास बाहेर काढले, पुसले, आणि होते तसे ठेवले. त्या दिवशी फरशी काळी असल्याचं त्या म्हणाल्या नाहीत.

परत जायच्या दिवशी शुक्रवार होता. सुमेध घरी. सकाळी सुहासिनीबाईंनी मला खिडकीत उन्हाला ठेवलं. तेल पातळ झाल्यावर घेऊन सोफ्यावर बसल्या.

"जुई, बस खाली."

"आता? तुझी बॅग—"

"बॅग भरलीय. केस बघ, झाडू झालाय नुसता. तेल लावते म्हणे! खोटारडी."

जुईली त्यांच्या पायाशी बसली, गुडघ्यांना पाठ लावून. सुहासिनीबाईंनी बूच काढलं आणि मला तळहातावर कलवलं. माझ्यातून काहीतरी पहिल्यांदा जुईलीसाठी ओतलं गेलं. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातानं. सुमेध चहाचा ट्रे घेऊन आला आणि दारातच थांबला. कोणी बोललं नाही. मला तळघर आठवलं.

टाळूवर तेल जिरवता जिरवता त्या म्हणाल्या, "ते ग्लास ज्यूसचे नाहीत."

जुईलीनं गुडघे जवळ ओढले.

"मला एक शब्द बोलली असतीस आधी."

"तू इतक्या हौसेनं आणलीस."

"कसली हौस. घासून घासून बोटं गेली माझी." हात थांबला. "मला वाटलं, तुला बाटली हवीय."

"हवीच होती."

"आतल्यासकट."

जुईलीचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. "बाबा म्हणायचे ना," एवढंच ती म्हणाली, "पहिला ग्लास..."

सुहासिनीबाईंनी तिचे केस बोटांत धरले, सोडले, पुन्हा धरले. मग म्हणाल्या, "मी प्यायले."

"काय?"

"ओतायच्या आधी. वाटीत घेऊन, गच्चीवर. ह्यांनी एवढी जपलेली, ती कोणी न चाखताच झाडाला घालायची, मन होईना."

"आई, तुम्ही?" सुमेधच्या ट्रेमधले कप वाजले.

"हसू नका जावईबापू. एकच घोट." थोडं थांबून, "दोन."

जुईली रडता रडता हसली. नाक पुसून, मागे न वळता तिनं विचारलं, "कशी होती?"

"आंबट. तुरट. जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ झाली. मला आवडली नाही." पुन्हा तेल, पुन्हा तळहात. "मग घशातून खाली गेल्यावर, मागाहून, वास आला. हे छाटणीवरून आले की ह्यांच्या हातांना यायचा बघ. ओल्या काडीचा, मातीचा, आणि त्या कात्रीच्या लोखंडाचा. अगदी तोच. मी कठडा धरून उभी राहिले. म्हटलं, आले की काय."

चहा गार झाला.

"परत सांग," जुईली म्हणाली.

आणि त्यांनी परत सांगितलं. जांभळापासून.

सुहासिनीबाई नाशिकला परत गेल्या त्याला आता पुष्कळ दिवस झाले. जुईलीनं तेल रोज लावलं, खरोखर लावलं, आणि ते संपलं. परवा तिनं मला गरम पाण्यानं धुतलं, ब्रश हातात घेतला आणि घासायच्या आधी सहज खिडकीच्या उजेडात धरलं. माझ्या बुडाशी आतून एक उंचवटा आहे आणि त्याच्याभोवती खाच. आईचा ब्रश तिथवर पोचला नव्हता. त्या खाचेत नखाएवढा एक डाग आहे, लाल म्हणावा तर काळा. बुचाचा एक तुकडाही तिथेच अडकलाय.

जुईलीनं तो पाहिला. नाक माझ्या तोंडाशी आणून डोळे मिटले. खोबरेलाचाच वास आला असणार. तिनं ब्रश ठेवून दिला आणि मला इथे खिडकीशी उभं केलं, जिथून ज्योत दिसते.

माझा दिवस आला आणि गेला, आणि तेव्हा मी एका गच्चीवर होते. त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: या घरात कधी पाहुणे म्हणून आलात, जेवण झाल्यावर मदतीला उठलात आणि मी हाताशी लागले, तर मला वरवर विसळा. बुडाशी घासू नका. जुईलीच्या वाटणीचं तेवढंच उरलंय.